हॉटेलात इजा झाली? भरपाईचा दावा कोणत्या क्रमाने करायचा

ओल्या फरशीवरून पाय घसरतो, वेटरच्या हातून उकळता रस्सा मांडीवर सांडतो, अंधाऱ्या जिन्यात पायरी चुकून घोटा मोडतो, नाहीतर रात्रभर उलट्या होऊन सकाळी सलाईन लावावी लागते. आठ-दहा दिवस दवाखान्यात जातात. घरचे चिडलेले असतात. कुणीतरी म्हणतं, "वकिलाला गाठ, नोटीस धाड." नोटीस जाते, पण तिच्यामागे बिल नसतं, केसपेपरवर नोंद नसते, फुटेजही नसतं. मग हॉटेलच्या वकिलाचं उत्तर येतं: "असा कोणताही प्रसंग आमच्या अशिलाच्या हॉटेलात घडलेला नाही."

राग रास्त असतो, क्रम चुकलेला असतो. आधी कागद, मग मागणी, मग तक्रार. पहिल्या आठवड्यात हातातून निसटलेले कागद पुढे दोन वर्षं धडपडूनही मिळत नाहीत. म्हणून या लेखात सुरुवातीच्या टप्प्यांवर जास्त वेळ घालवला आहे.

हा लेख जेवायला गेलेल्या गिऱ्हाइकासाठी आहे; उदाहरणं कोल्हापूरची घेतली आहेत. हॉटेलात काम करताना इजा झालेल्या कामगाराचा मार्ग वेगळा, कामगार भरपाईचा. पार्किंगमध्ये गाडीने धडक दिली असेल तर तो मोटार अपघात दावा होतो, त्याचं न्यायाधिकरण वेगळं आणि मुदतही वेगळी.

## १. पहिला तास: जागेवर काय करायचं

आधी माणूस सांभाळा. भाजलं असेल तर वीसएक मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही लावू नका. हाड मोडल्याची शंका असेल तर उचलाउचल न करता १०८ ला फोन लावा. सोबतच्या एकाने जखमीला बघायचं आणि दुसऱ्याने खालच्या गोष्टी करायच्या. एकट्याला दोन्ही जमत नाहीत.

फोटो काढताना बहुतेक जण फक्त जखमेचे काढतात. जखम दवाखान्यातही दिसणार आहे. जागा मात्र पाच मिनिटांत पुसली जाते. सांडलेलं पाणी, फुटलेली फरशी, बंद असलेला दिवा, कठडा नसलेला जिना, "फरशी ओली आहे" हा फलक कुठेही नसणं, हे आधी टिपा. एक फोटो लांबून काढा, म्हणजे हॉटेलचं नाव किंवा ओळखू येणारी भिंत आणि ती जागा एकाच चौकटीत येईल. मग जवळून. सलग अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ सगळ्यात उपयोगी, कारण त्यात आजूबाजूचं बोलणंही येतं. "आत्ताच पुसलं होतं साहेब, बोर्ड लावायचा राहिला" असं कर्मचारी बोलून गेला आणि ते रेकॉर्ड झालं, तर पुढचा निम्मा वाद मिटतो.

बिल घ्या. जेवण अर्धवट राहिलं तरी घ्या. ऑर्डर देण्याआधीच पडलात तर टेबलाचं बुकिंग, पार्किंगची पावती, सोबतच्यांचे जबाब यांतून तुम्ही गिऱ्हाईक म्हणून आत गेला होता हे दाखवावं लागेल. पैसे रोख देऊ नका, यूपीआयने द्या. त्यात तारीख, वेळ आणि पैसे घेणाऱ्याच्या खात्याचं नाव आपोआप राहतं. बिल मित्राने दिलं असेल तर घाबरू नका. त्याच्या संमतीने सेवा घेणाराही कायद्याने ग्राहकच ठरतो.

शेजारच्या टेबलावरच्या एक-दोघांची नावं आणि फोन नंबर घ्या. आपल्या घरच्यांपेक्षा परक्या माणसाच्या साक्षीला वजन असतं.

मॅनेजरला लेखी नोंद करायला सांगा. नोंदवही नसेल तर कागदावर चार ओळी लिहून, त्याची सही-शिक्का घेऊन फोटो काढा. तो सही देत नसेल तर भांडत बसू नका. तोच मजकूर तिथूनच हॉटेलच्या नंबरवर व्हॉट्सअॅप करा. दोन निळ्या खुणा आल्या की स्क्रीनशॉट काढा.

इशारा: मॅनेजर दोन हजार रुपये हातावर ठेवून "माझी काही तक्रार नाही" अशा कागदावर सही मागतो. घाईत असलेली माणसं सही करून मोकळी होतात. उपचाराचे पैसे घ्यायला हरकत नाही, पण कागदावर स्वतः लिहा: "उपचाराच्या खर्चापोटी आगाऊ मिळाले, माझ्या पुढील दाव्याला बाधा न येता." हे लिहू देत नसतील तर पैसे नाकारा.

रस्सा सांडलेले कपडे धुऊ नका. तुटलेली चप्पल, फुटलेला चष्मा, जेवणात सापडलेला काचेचा तुकडा, सगळं पिशवीत तारीख घालून ठेवा.

## २. दवाखाना: केसपेपरवरची पहिली ओळ

सगळ्या प्रकरणात सर्वात महत्त्वाचं वाक्य तुम्ही लिहीत नाही, दवाखान्यातला डॉक्टर लिहितो. इजा कशी झाली याची नोंद पहिल्या तपासणीवेळी होते आणि भरपाईची तक्रार ज्याच्यापुढे जाते तो ग्राहक आयोग पुढे सर्वांत आधी तीच वाचतो. गर्दी असते, दुखत असतं, डॉक्टर विचारतात "काय झालं?" आणि आपण म्हणतो, "पडलो." कागदावर "पडल्याने इजा" एवढंच येतं. कुठे पडलात ते नाही. मग सहा महिन्यांनी समोरचा वकील म्हणतो, घरच्या न्हाणीघरात पडले आणि हॉटेलवर ढकललं.

म्हणून डॉक्टरांना संपूर्ण वाक्य सांगा: "आज रात्री साडेआठच्या सुमारास राजारामपुरीतल्या अमुक हॉटेलात हात धुवायला जाताना ओल्या फरशीवरून घसरून पडलो." लिहिलेलं वाचून घ्या. चुकलं असेल तर त्याच वेळी दुरुस्त करून सही घ्या. डिस्चार्जनंतर नोंद बदलून मागितली की ती संशयास्पदच दिसते.

दवाखान्यात जायला उशीर करू नका. रात्री मलम लावून झोपायचं आणि चौथ्या दिवशी एक्स-रे काढायचा, यात मधले तीन दिवस हॉटेलच्या हातात जातात.

इजा मोठी असेल तर वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण, म्हणजे एमएलसी, नोंदवायला सांगा. सीपीआरमध्ये, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, हे रोजचं काम आहे. खासगी रुग्णालयही एमएलसी नोंदवून पोलिसांना कळवू शकतं. एमएलसीचा नंबर लिहून घ्या.

पोलीस जबाब घ्यायला आले की नातेवाईक "नको ती कटकट" म्हणून लिहून देतात: "आमची कुणाविरुद्ध तक्रार नाही." हे वाक्य मी अनेक चांगल्या प्रकरणांच्या फाइलमध्ये पाहिलं आहे आणि दर वेळी त्याचा फटका बसला आहे. तुम्हाला आत्ता गुन्हा नोंदवायचा नसेल तर एवढंच सांगा: "सध्या उपचार चालू आहेत, तक्रारीबाबत नंतर कळवतो."

तपासा: घरी जाताना हातात हे आहे ना? केसपेपरची प्रत, इजा कशी झाली याची नोंद, एक्स-रे किंवा इतर तपासण्यांचे अहवाल, औषधांची चिठ्ठी, प्रत्येक पावती. भाजल्याची किंवा टाक्यांची जखम असेल तर दर दोन-तीन दिवसांनी त्याच कोनातून फोटो काढत राहा. व्रण कसा राहिला हे शब्दांत पटत नाही.

## ३. फुटेज: इथे दिवस मोजले जातात

हॉटेलातल्या सीसीटीव्हीचं चित्रीकरण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. यंत्राच्या क्षमतेनुसार कुठे आठवडाभर टिकतं, कुठे महिनाभर. "बरं वाटल्यावर बघू" म्हटलं की ते गेलंच. प्लास्टर चालू असतानाच, शक्यतो दुसऱ्या दिवशी, हे पत्र पाठवा:

"दिनांक … रोजी रात्री ८.४० च्या सुमारास आपल्या … येथील हॉटेलमध्ये, तळमजल्यावरील हात धुण्याच्या जागेसमोर, ओल्या फरशीवरून घसरून माझ्या उजव्या मनगटाला इजा झाली. त्या दिवशीचे रात्री ८ ते ९.३० या वेळेतील आतील भागाचे, प्रवेशद्वाराचे व पार्किंगचे सीसीटीव्ही चित्रीकरण पुसले जाऊ न देता जतन करावे. या प्रकरणी मी कायदेशीर कार्यवाही करणार असल्याने ते पुरावा म्हणून लागणार आहे. ते नष्ट झाल्यास त्याचा आपल्याविरुद्ध अर्थ काढावा अशी विनंती मी आयोगासमोर करीन."

यात रक्कम मागू नका, दोषारोपही करू नका. या पत्राचं काम एकच: नंतर "फुटेज नाही" म्हणायची सोय बंद करणं. एक प्रत स्पीड पोस्टाने पाठवा, एक ईमेलने, एक व्हॉट्सअॅपने. पोस्टाची पावती आणि पोहोच झाल्याचा ऑनलाइन तपशील छापून ठेवा. तो तपशीलही काही महिन्यांनी दिसेनासा होतो.

वेळ वाढवून मागा. नेमक्या पाच मिनिटांचं फुटेज मागितलं तर पाणी आधी किती वेळ साचलेलं होतं ते दिसत नाही. निष्काळजीपणा सिद्ध होतो तो त्या आधीच्या अर्ध्या तासात.

तुमच्या मोबाइलमधले मूळ फोटो आणि व्हिडिओ मोबाइलमध्येच राहू द्या. व्हॉट्सअॅपवर पाठवले की त्यांचा दर्जा घसरतो आणि मूळ तपशील जातो. एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा. डिजिटल पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. तक्रारीच्या वेळी ते जोडा, म्हणजे आक्षेपाला जागा उरत नाही.

## ४. पोलिसांत जायचं का?

साध्या खरचटण्यासाठी नको. हाड मोडलं, दात पडला, गंभीर भाजलं, गॅसचा स्फोट झाला, छताचा भाग कोसळला, तर जा. दुसऱ्याची सुरक्षितता धोक्यात आणणाऱ्या निष्काळजी कृत्यासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम १२५ आहे. हाड मोडणं ही कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापत आहे.

तक्रार लेखी द्या आणि पोहोच घ्या. एफआयआर नोंदवला तर त्याची प्रत मोफत मिळते. ठाण्याने दाद दिली नाही तर तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना पाठवता येते. पोलीस पंचनामा करतात आणि त्यांना फुटेज ताब्यात घेता येतं, हा तुमच्या दृष्टीने सगळ्यात मोठा फायदा.

इशारा: पोलीस ठाणं भरपाई मिळवून देत नाही. तिथल्या तपासाची वाट पाहत ग्राहक तक्रारीची मुदत घालवू नका. दोन्ही वाटा एका वेळी चालतात.

## ५. विषबाधा असेल तर (नसेल तर पुढचा टप्पा वाचा)

खाण्यातून झालेला त्रास सिद्ध करणं हे घसरून पडण्यापेक्षा अवघड आहे, कारण शेवटचं जेवणच दोषी असेल असं नाही. काही जंतूंचा त्रास तासाभरात सुरू होतो, काहींचा दोन-तीन दिवसांनी. म्हणून मागच्या तीन दिवसांत काय, कुठे, किती वाजता खाल्लं हे प्रामाणिकपणे लिहून काढा आणि डॉक्टरांना दाखवा. सोबत जेवलेल्या इतरांनाही त्याच पदार्थानंतर त्रास झाला असेल तर तो सर्वांत बळकट धागा. त्यांचेही केसपेपर गोळा करा.

अँटिबायोटिक सुरू होण्याआधी शौचाची तपासणी करता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. औषध पोटात गेल्यावर जंतू सापडण्याची शक्यता घटते.

त्याच दिवशी अन्न व औषध प्रशासनाच्या कोल्हापूर कार्यालयात लेखी तक्रार द्या. घरी बांधून आणलेलं अन्न स्वच्छ, बंद डब्यात फ्रीजमध्ये ठेवा आणि वेळ लिहा. पण त्यावर सगळा भार टाकू नका. ते वाटेत किंवा घरी बिघडलं असा बचाव येणारच. अन्न सुरक्षा अधिकाऱ्याने हॉटेलातून रीतसर घेतलेल्या नमुन्याला आणि त्याच्या तपासणी अहवालाला खरं वजन आहे. तो अधिकारी लवकर पोहोचावा म्हणून तुमची तक्रार लवकर हवी.

अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ६५ मध्ये असुरक्षित अन्नामुळे झालेल्या इजेसाठी भरपाईची तरतूद आहे: मृत्यू झाल्यास किमान ५ लाख, गंभीर इजेसाठी ३ लाखांपर्यंत, इतर इजेसाठी १ लाखापर्यंत.

## ६. दावा कुणावर? पाटीवरचं नाव पुरत नाही

"हॉटेल अमुक, कोल्हापूर" एवढ्या नावावर केलेली तक्रार पुढे अडते. समन्स घेणारा म्हणतो, मालक मी नाही. आदेश झाला तरी वसुली कुणाकडून करायची, हा प्रश्न उरतोच. मालक शोधायचे सोपे मार्ग असे:

- बिलावर १५ अंकी-अक्षरी जीएसटी क्रमांक असेल तर जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाका. व्यवसायाचं कायदेशीर नाव आणि मालकीचा प्रकार दिसतो.
- अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक हॉटेलात लावलेला असावा लागतो आणि २०२२ पासून तो बिलावरही हवा. फॉस्कॉस या संकेतस्थळावर त्यावरून परवानाधारक कळतो.
- यूपीआयवर आलेलं खात्याचं नाव ताडून पाहा.

भागीदारी असेल तर संस्था आणि भागीदार दोघांनाही पक्षकार करा. सज्जा पडला, जिना मोडला अशी बांधकामातली खोट असेल तर जागामालकालाही घ्या. मंगल कार्यालयात जेवण बाहेरच्या केटररचं असेल तर दोघांनाही. कुणाची चूक हे ते एकमेकांत ठरवतील. तुम्ही एकालाच धरलं आणि तो सुटला तर दुसऱ्यावर जायला मुदत उरत नाही.

महापालिकेचा परवाना, अग्निशमन विभागाचा ना-हरकत दाखला, अन्न प्रशासनाचा तपासणी अहवाल हे माहिती अधिकारात मागता येतं. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि उत्तरासाठी साधारण ३० दिवसांची मुदत असते. हा अर्ज नोटिशीच्या आधी टाका, नंतर नव्हे.

## ७. रकमेचा तक्ता

"दहा लाख मागू, पाच तरी मिळतील" हा हिशोब आयोगापुढे चालत नाही. आकड्यामागे कागद नसेल तर सगळीच मागणी फुगवलेली वाटते. वहीत चार स्तंभ आखा: तारीख, कशासाठी, रक्कम, कागद क्रमांक.

उपचाराचा खर्च, पुढच्या शस्त्रक्रियेचा डॉक्टरांनी लेखी दिलेला अंदाज, फिजिओथेरपी, दवाखान्याच्या फेऱ्यांचं भाडं, घरी मदतीला ठेवलेल्या बाईचा पगार, हे सरळ आहे. बुडालेल्या उत्पन्नात लोक चुकतात. नोकरदाराने कार्यालयाकडून बिनपगारी रजेचं पत्र घ्यावं. दुकानदाराने, रिक्षावाल्याने, शिलाईकाम करणाऱ्या बाईने बँकेचा उतारा, विवरणपत्र असेल तर तेही, रोजच्या हिशोबाची वही, यूपीआयची जमा दाखवावी. घर सांभाळणाऱ्या स्त्रीचं काम बिनमोल समजून रकाना रिकामा सोडू नका. त्या कामासाठी माणूस ठेवावा लागला तर तो खर्च खरा आहे.

वेदना, मानसिक त्रास, कायमचा व्रण यांची रक्कम वेगळी लिहा आणि कारण एका वाक्यात द्या. कायमचं अपंगत्व राहिलं असेल तर शासकीय वैद्यकीय मंडळाचा दाखला घ्या. त्याला वेळ लागतो, म्हणून अर्ज लवकर करा.

मेडिक्लेम असेल तर थांबा. विमा कंपनी मूळ बिलं घेऊन टाकते आणि तक्रारीच्या वेळी तुमच्याकडे काहीच राहत नाही. बिलं देण्याआधी प्रत्येक पानाची रंगीत प्रत काढा आणि दावा मंजुरीचं पत्र जपून ठेवा. विम्यातून मिळालेली रक्कम तक्रारीत लपवू नका. तोच खर्च पुन्हा मागितला आणि समोरच्याने ते उघड केलं, तर बाकीच्या खऱ्या मागणीवरचाही विश्वास उडतो.

## ८. नोटीस आणि तडजोड

ग्राहक तक्रारीआधी नोटीस देणं बंधनकारक नाही, तरी द्या. बऱ्याच हॉटेलवाल्यांना गिऱ्हाइकाच्या नजरेत चांगलं राहायचं असतं. काहींनी जबाबदारी विमाही घेतलेला असतो. नोटीस तुम्ही स्वतः लिहू शकता. तारीखवार घटना, हॉटेलची नेमकी चूक, खर्चाचा तक्ता, रक्कम आणि १५ दिवसांची मुदत, एवढं दीड-दोन पानांत बसतं. शिव्या, धमक्या, "हॉटेल बंद पाडू" अशी भाषा नको. ती नोटीस पुढे आयोगाच्या टेबलावर जाणार आहे. समाजमाध्यमांवर लिहितानाही तेवढंच सांभाळा. तिथलं तिखटमीठ आणि तक्रारीतला मजकूर जुळला नाही तर समोरचा तेच छापून आणतो.

"निष्काळजीपणा केला" एवढं लिहून भागत नाही. इजा झाली म्हणजे चूक हॉटेलचीच, असं कायदा मानत नाही. काय करायला हवं होतं आणि काय केलं नाही ते सांगा: फरशी ओली होती आणि फलक नव्हता. जिन्यातला दिवा बंद होता. पायरीची कड रंगवलेली नव्हती. उकळत्या रश्शाची भांडी झाकण न लावता गर्दीतून नेली जात होती. तुमच्या बाजूने कच्चे दुवे असतील, हातात मोबाइल होता, मुलगा टेबलांमधून पळत होता, तर तेही आत्ताच स्वतःशी कबूल करा. नुकसानीत तुमचाही वाटा धरला गेला तर रक्कम कमी होते. उत्तर आधी तयार ठेवलेलं बरं.

तडजोड होत असेल तर उपचार पूर्ण होईपर्यंत "पूर्ण व अंतिम" शब्द असलेल्या कागदावर सही करू नका. प्लेट काढायची शस्त्रक्रिया वर्षभराने निघते.

१९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तिथे नोंद केलीत तर ती मध्यस्थी करते. तिला आदेश देण्याचा अधिकार नाही.

मुदत: ग्राहक तक्रार दोन वर्षांच्या आत. १० जून २०२६ ला इजा झाली असेल तर ९ जून २०२८ पर्यंत तक्रार दाखल झालेली हवी. नोटिशी, आश्वासनं, बैठका यांनी ही मुदत वाढत नाही. सबळ कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबू नका.

## ९. दाद कुठे मागायची

बहुतेकांसाठी उत्तर आहे जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार कोणत्या आयोगाकडे जायचं हे तुम्ही मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, सेवेसाठी दिलेल्या किमतीवर ठरतं. ५० लाखांपर्यंतची किंमत जिल्हा आयोगाकडे. तुमचं बिल ८०० रुपयांचं असेल आणि भरपाई १२ लाख मागत असाल, तरी जिल्हा आयोगच. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये ही पद्धत वैध ठरवली. दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. लोक दाव्याची रक्कम धरून शुल्क मोजतात आणि घाबरून मागे फिरतात, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगाकडेही जाता येतं. गोव्याला किंवा मालवणला गेलेल्या कोल्हापूरकराला इथेच तक्रार करता येते. अंबाबाईच्या दर्शनाला येऊन महाद्वार रोडवरच्या हॉटेलात पडलेल्या पुणेकराला पुण्यात करता येते.

दिवाणी न्यायालयाचा रस्ताही आहे, साधारण तीन वर्षांच्या मुदतीचा. तिथे मागणीच्या प्रमाणात कोर्ट फी लागते आणि वेळही जास्त जातो. पुष्कळ साक्षीदारांची उलटतपासणी लागेल असं गुंतागुंतीचं प्रकरण असेल तर वकिलाशी बोलून हा मार्ग धरा. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आलं आहे, म्हणून थेट तिथेच जायचं का, असं काही जण विचारतात. या दाव्याची सुरुवात तिथे होत नाही.

## १०. तक्रार दाखल करणं

वकील लागतोच असं नाही. तक्रार मराठीत चालते. इजा मोठी असेल तर मात्र वकील घ्या. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि कमी उत्पन्नाच्या लोकांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. इजा लहान मुलाला झाली असेल तर पालक तक्रार करतात, मृत्यू झाला असेल तर वारस.

ई-जागृती संकेतस्थळावर मोबाइलने नोंदणी करून तक्रार भरता येते. आयोगाच्या कार्यालयात छापील संचही देता येतो. मजकूर या क्रमाने लावा:

१. तक्रारदार आणि विरुद्ध पक्षकारांची पूर्ण नावं-पत्ते
२. घटना, तारीखवार, प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक
३. सेवेतली त्रुटी, नेमक्या शब्दांत
४. आयोगाचं कार्यक्षेत्र आणि तक्रार मुदतीत असल्याचं विधान
५. मागणी: रक्कम बाबवार, व्याज, तक्रारीचा खर्च
६. कागदपत्रांची यादी आणि शपथपत्र

प्रत्येक विधानापुढे कंसात कागदाचा क्रमांक टाका: "(कागद ४ पाहा)". एवढ्यानेच तक्रार वाचणाऱ्याचं काम हलकं होतं आणि तुमचं प्रकरण नीट मांडलेलं दिसतं. फुटेज हॉटेलने दिलं नसेल तर ते हजर करावं आणि तोवर जतन करावं, असा अंतरिम अर्ज तक्रारीसोबतच द्या.

तपासा: नाव केसपेपरवर, बिलावर आणि आधारवर एकसारखं आहे? घटनेची वेळ पोलीस जबाबात, नोटिशीत आणि तक्रारीत एकच आहे? एका ठिकाणी साडेआठ आणि दुसऱ्या ठिकाणी साडेनऊ असेल तर समोरचा वकील तिथूनच सुरुवात करतो.

## ११. सुनावणी

तक्रार दाखल करून घ्यायची की नाही हे साधारण २१ दिवसांत ठरतं. नोटीस मिळाल्यावर हॉटेलला उत्तरासाठी ३० दिवस, फार तर आणखी १५. त्यानंतर आलेलं उत्तर घेऊ नये अशी लेखी हरकत घ्या. गप्प बसलात तर उशीर खपून जातो. कायद्यात निकालासाठी तीन महिने, प्रयोगशाळेत तपासणी लागणार असेल तर पाच महिने लिहिले आहेत. प्रत्यक्षात त्याहून जास्त लागतात हे धरून चाला.

इथे तोंडी साक्षीपेक्षा शपथपत्रावर काम चालतं. तुमचं, प्रत्यक्षदर्शीचं आणि शक्य असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं शपथपत्र द्या. डॉक्टरांच्या शपथपत्रात इजा आणि घटना यांचा संबंध एका स्पष्ट वाक्यात हवा. तारीख चुकवू नका. तक्रारदार सतत गैरहजर राहिला म्हणून फेटाळलेल्या तक्रारी थोड्या नाहीत. येणं जमत नसेल तर आधी अर्ज द्या, दूरदृश्य सुनावणीची सोय मागा.

मध्यस्थीचा पर्याय आयोग सुचवेल. जा. पण जाण्याआधी किमान किती रकमेवर थांबायचं ते घरात ठरवून, लिहून न्या.

## १२. आदेश झाल्यावर

आदेशाची प्रमाणित प्रत लगेच घ्या आणि रक्कम, व्याजाची तारीख, पैसे देण्याची मुदत तपासा. बेरजेची चूक असेल तर ३० दिवसांत दुरुस्तीचा अर्ज करता येतो. आदेश पटला नाही तर राज्य आयोगाकडे ४५ दिवसांत अपील. हॉटेल अपिलात गेलं तर आदेशातली निम्मी रक्कम आधी भरावी लागते.

मुदत उलटूनही पैसे आले नाहीत तर त्याच आयोगाकडे अंमलबजावणीचा अर्ज करा. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ७१ खाली वसुली होते. कलम ७२ खाली आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा किमान २५ हजार ते १ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. अर्जासोबत आदेशाची प्रमाणित प्रत, थकलेल्या रकमेचा व्याजासह हिशोब आणि सहाव्या टप्प्यात शोधलेली मालकाची माहिती जोडा. हप्त्याने पैसे देऊ केले तर प्रत्येक हप्ता बँकेतूनच घ्या, आणि शेवटचा हप्ता खात्यात जमा झाल्याशिवाय अर्ज मागे घेऊ नका.